हातातल्या कॉम्प्युटरची केस त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा का फुटते?

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. रास्पबेरी पाय ४ (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) घेतला, पाच इंची टचस्क्रीन, छोटा कीबोर्ड, १८६५० मापाचे दोन लिथियम-आयन सेल आणि थ्रीडी प्रिंट केलेली केस. टेबलावर सगळं झकास चाललं. बाहेर न्यायला लागल्यावर थोड्याच दिवसांत एका स्क्रूच्या कोपऱ्यात भेग पडली. झटपट गोंदाने चिकटवली, पुन्हा उघडली. मग नवी केस प्रिंट केली, भिंत दोनची तीन मि.मी. केली, इन्फिल (प्रिंटच्या आतली भर) शंभर टक्के केलं, आणि भेग आली ती त्याच कोपऱ्यात.

सोबत आणखी काही कुरबुरी असतात. पडल्यावर यंत्र आपोआप रीस्टार्ट होतं, चार्जिंगचं सॉकेट हललंय, उन्हात फार हळू चालतं, पावसाळ्यात स्क्रीनच्या आतून धुकं धरतं. प्रत्येक कुरबूर वेगळी धरून तिचा वेगळा इलाज शोधला जातो. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक एकाच ठिकाणाहून निघतात: बोर्ड, स्क्रीन आणि सेल थेट बाहेरच्या कवचाला आवळलेले असतात. तो सांधा तसाच ठेवून केस कितीही जाड केली तरी फरक पडत नाही.

खालचं सगळं ज्या यंत्राच्या आधाराने लिहितोय ते माझ्या मावसभावाचं आहे. तो इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर भागात सोलर पंपांची दुरुस्ती करतो. पंपाच्या कंट्रोलरला आरएस-४८५ ची (यंत्रांमधल्या माहितीची) केबल लावून आकडे वाचायचे आणि सेटिंग बदलायचं, एवढ्यासाठी शेताच्या बांधावर लॅपटॉप उघडून बसणं त्याला नको होतं. मोटरसायकलच्या टाकीवरच्या बॅगेत यंत्र, खाली काळ्या मातीचे रस्ते, मे महिन्यात चाळिशीपार ऊन आणि जूनच्या मध्यापासून चिखल. केसची यापेक्षा कडक परीक्षा घरी घेता येणार नाही.

आधी भेग नीट बघा

केस फेकण्याआधी ती तुकड्यांसकट उजेडात धरा. भेगेच्या आकारावरून अर्धं निदान होतं.

स्क्रूचा खांब, ज्याला डिझाइनवाले बॉस म्हणतात, तो बुडापासून आडवा उखडला असेल तर त्याला थरांच्या उभ्या दिशेने ओढ बसली आहे. केस पाठीवर आडवी ठेवून प्रिंट केली की बॉस उभा राहतो, स्क्रू त्याला वर खेचतो, आणि थ्रीडी प्रिंट नेमकी याच दिशेला सगळ्यात कमजोर असते. तिथे इन्फिल वाढवून फारसं काही हाती लागत नाही, कारण प्लास्टिक कमी पडलेलं नसतं, थर एकमेकांपासून सुटलेले असतात. प्रिंट करून देणाऱ्याचं ठरलेलं उत्तर मात्र एकच: "भिया, थोडा मोटा कर देते हैं."

बॉस उभा चिरला असेल तर भोक लहान पडलंय. प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जाणारा स्क्रू पाचरीचं काम करतो. पितळी इन्सर्ट (प्लास्टिकमध्ये बसवायची आट्यांची पितळी नळी) वापरला असेल, तर त्याच्याभोवती पुरेसं प्लास्टिक नव्हतं, किंवा तो सोल्डरिंग आयर्नने वितळवत बसवण्याऐवजी अर्धवट गरम करून दाबला होता. बॉसचा बाहेरचा व्यास इन्सर्टच्या निदान दुप्पट ठेवावा. भोकाचा व्यास मात्र अंदाजाने ठरवू नये. इन्सर्टच्या पाकिटाबरोबर मापांचा तक्ता येतो, तो पाहावा.

तिसरा प्रकार फसवा असतो. केस पडलीच नाही, टेबलावर ठेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. हा प्रकार एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांमध्ये दिसतो, आणि संशयित बहुधा थ्रेडलॉकर असतो, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा तो निळा किंवा लाल द्रव. धातूवर तो उत्तम काम करतो. ताणाखाली असलेल्या या प्लास्टिकांना मात्र तो आतून तडकवतो. थिनर आणि पेट्रोलचंही तेच. स्क्रीनवरची पॉलिकार्बोनेटची काच पेट्रोलच्या बोळ्याने पुसण्याची सवय गॅरेजमध्ये असते, तिथे हे हटकून होतं. मोटरसायकलच्या थरथरीने स्क्रू सुटत असतील तर नायलॉनची कडी असलेला नट वापरावा, द्रवाच्या वाटेला जाऊ नये.

आणि भिंतच थरांमध्ये उलगडली असेल तर दोष प्रिंटिंगमध्ये आहे. पेटजी हे छपाईचं प्लास्टिक पावसाळ्यात हवेतलं पाणी शोषतं आणि ओल्या फिलामेंटचे (छपाईच्या प्लास्टिकच्या तारेचे) थर नीट चिकटत नाहीत. नोझलमधून चटचट आवाज येत असेल, धागे सुटत असतील, तर रीळ ६५° से. ला चारसहा तास वाळवावं. छपाईत पंख्याचा वेगही कमी ठेवावा.

पहिले दोन प्रकार सर्वाधिक येतात. त्यावरचा तात्पुरता इलाजही सोपा आहे. बॉसमध्ये स्क्रू अडकवण्याऐवजी पुढून मागे आरपार जाणारा एम-३ बोल्ट घाला आणि पलीकडे नट लावा. बोल्ट थरांना ओढत नाही, दाबून धरतो, आणि दाबाखाली थर सुटत नाहीत. बोल्टभोवती दोन्ही अर्ध्यांना टेकेल एवढ्या मापाची धातूची नळी घातली तर आवळताना प्लास्टिकवर भार येत नाही आणि ते हळूहळू दबून बोल्ट ढिलाही पडत नाही. चालू केस वाचवायची असेल तर एवढं करून थांबलं तरी चालेल.

पडण्याचा हिशोब

एक मीटरवरून वस्तू पडली की जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर असतो. आता प्रश्न एवढाच की थांबायला तिला किती जागा मिळते. केस कडक असेल आणि कोपरा फक्त एक मि.मी. दबला, तर एक मीटरची कमाई एका मि.मी.मध्ये चुकती करावी लागते, म्हणजे सरासरी १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट). अर्धा किलोच्या यंत्रावर तेवढ्या क्षणापुरतं सुमारे ५०० किलो वजन ठेवल्यासारखं झालं. थांबायला चार मि.मी. मिळाले तर आकडा २५० जी वर येतो, सव्वाशे किलोवर.

भिंत जाड केल्याने केस आणखी कडक होते. ती कमी दबते आणि थांबण्याचं अंतर उलट घटतं. शिवाय आतलं वजन बघा. पाय ४ चा बोर्ड सुमारे ४६ ग्रॅमचा, १८६५० चा एकेक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, वर स्क्रीन. कवच थांबलं तरी आतलं हे सगळं पुढे जाऊ बघतं आणि ते धरून ठेवायला असतात चार बॉस. त्यांपैकी जो जमिनीच्या जवळ असतो त्याच्यावर सगळं येतं. एखाद्या माणसाच्या हातून यंत्र बहुधा एकाच पद्धतीने निसटतं, म्हणून कोपराही तोच ठरतो. भावाच्या यंत्रात तो उजवा खालचा होता, कारण तो डाव्या हातात केबल धरून उजव्या हाताने टाइप करतो.

कणा वेगळा, कवच वेगळं

उपाय असा: सगळे नाजूक भाग एका आतल्या चौकटीवर बसवा आणि ती चौकट बाहेरच्या कवचात रबरावर तरंगती ठेवा. कवचाला एकही बोर्ड स्क्रूने जोडलेला नको.

चौकट कशाची करावी यावर मतं वेगळी असतात. माझी पसंती दोन मि.मी. जाडीच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटला, साधारण २०० बाय ११० मि.मी. तीच यंत्राची पाठ होते. बोर्ड, सेल, स्क्रीनची चौकट, सगळं पितळी स्टँडऑफवर (आट्यांच्या छोट्या खांबांवर) तिला जोडायचं. रास्पबेरी पायच्या बोर्डाची भोकं एम-२.५ ची, एकमेकांपासून ५८ आणि ४९ मि.मी. अंतरावर. प्लेटवर हे आखून ड्रिल करणं घरच्या हँडड्रिलने जमतं, आधी सेंटर पंच मारला तर.

प्लेटच्या चार कोपऱ्यांना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबराची कडी. हे ऑनलाइन मागवायची गरज नाही. मोटरसायकलचं साइड पॅनल ज्या रबरांत दाबून बसतं तेच रबर इथे उत्तम काम करतं आणि कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. ग्रोमेटमधून जाणारा खुंटा कवचाचा. प्लेटच्या कडेपासून कवचापर्यंत चारही बाजूंनी तीन ते चार मि.मी. मोकळी जागा सोडा. हीच ती थांबायची जागा. तिथे केबल, नट, डबल टेपचा गठ्ठा असं काहीही येता कामा नये. प्रत्यक्षात नेमकं तिथेच काहीतरी कोंबलेलं सापडतं, कारण मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात.

रबर फार मऊ घेतलं तर प्लेट कवचाला जाऊन धडकते आणि सगळं मुसळ केरात. तपासायला यंत्र कानाशी धरून झटकून बघा. टक् असा कोरडा आवाज आला तर रबर मऊ आहे किंवा जागा कमी आहे. अंगठ्याने जोर लावून प्लेट एकदोन मि.मी. हलली पाहिजे, आपोआप डुलता कामा नये.

केबल सैल ठेवा. स्क्रीनची चपटी रिबन ताठ असेल तर तरंगती चौकट तिलाच दोरीसारखं वापरते. स्क्रीन तिच्या कडांवर, फोमच्या पट्टीवर बसवा. काचेच्या मधल्या भागाला काहीही टेकू देऊ नका. वर दोन मि.मी. पॉलिकार्बोनेटचं संरक्षण लावणार असाल तर तेही कवचाला लावा, स्क्रीनला नको, आणि दोन्हींमध्ये हवा ठेवा. टच चालवायचा असेल तर हे संरक्षण सोडून द्यावं लागतं, कारण एवढ्या जाडीतून बोट ओळखलं जात नाही.

बाहेरच्या कोपऱ्यांवर टीपीयूची (रबरासारख्या छपाईच्या प्लास्टिकची) टोपणं चढवा. ९५ए कडकपणाचं फिलामेंट पुरतं, पण टोपण भरीव प्रिंट करू नका. आत १५-२० टक्के इन्फिल ठेवलं तरच ते दबतं. टीपीयू छापायची सोय नसेल तर हवाई चपलेचा तळ कापून चिकटवलेले तुकडेही वाईट नाहीत. उन्हात ते दबून चपटे राहतात एवढाच दोष, आणि वर्षाकाठी बदलायला काही महागही नाहीत.

कवच प्रिंट करायलाच हवं का?

थ्रीडी प्रिंटर हाती आला की सगळं त्यातच करावंसं वाटतं. पण बाहेरच्या विजेच्या जोडण्यांसाठी पॉलिकार्बोनेटचे आयपी-६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणाऱ्या दर्जाचे) डबे तयार मिळतात. इंदुरात महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानांत शोधावे. साच्यात ओतलेल्या डब्याला थरच नसतात, त्यामुळे वरच्या अर्ध्या अडचणी जन्माला येत नाहीत. झाकणाला खाच आणि गॅस्केट आधीच असतं. त्यात स्क्रीनची खिडकी कापायची आणि आतली चौकट तेवढी स्वतः करायची. दिसायला तो विजेच्या मीटरचा डबाच दिसतो, हे खरं. भावाने डबा घेतला नाही. शेतकऱ्यासमोर काय उघडून बसू, असं त्याचं म्हणणं, आणि गिऱ्हाईक त्याचं आहे.

प्रिंट करायचंच असेल तर पीएलए हे नेहमीचं छपाईचं प्लास्टिक इथे बाद. ते ५५ ते ६० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. शिवाय सतत दाबाखाली ते गरम न होताही हळूहळू सरकतं. पेटजी साधारण ८० पर्यंत टिकतं आणि छापायला सोपं आहे. एएसए हे तिसरं प्लास्टिक १०० च्या आसपास जातं आणि उन्हाने पिवळं पडत नाही, पण बंद प्रिंटर आणि हवेशीर खोली लागते. बहुतेकांनी पेटजी घ्यावं.

उन्हात हळू चालणं

यंत्र हळू झालं की टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी' ही आज्ञा 'गेट_थ्रॉटल्ड' जोडून (vcgencmd get_throttled) चालवा. उत्तरात सोळाच्या पायातली एक संख्या येते. तिचा शेवटचा आकडा आत्ताची स्थिती सांगतो आणि शेवटून पाचवा आकडा बूट झाल्यापासून काय काय घडलं ते. त्यात १ म्हणजे व्होल्टेज कमी पडलं, ४ म्हणजे वेग घटवला गेला, ५ म्हणजे दोन्ही. नुसता ४ असेल तर उष्णता. १ किंवा ५ असेल तर केसशी झटापट करण्याआधी सेल आणि ५ व्होल्टचं कन्व्हर्टर तपासा, कारण व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की हा इशारा लागतो. पाय झीरो या छोट्या बोर्डांच्या मालिकेत व्होल्टेज पाहणारं हे सर्किटच नाही, त्यामुळे तिथे १ आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना वेग कमी करायला लागतो. पूर्ण भारावर बोर्ड साधारण सहा-साडेसहा वॉट खातो. प्लास्टिकच्या बंद डब्यात ही उष्णता बाहेर जायला वाटच नसते, कारण ॲल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा हजारपट चांगलं उष्णता वाहतं. पाठीला प्लेट घ्यायचं खरं कारण हेच. प्रोसेसर आणि यूएसबीची उंच सॉकेटं पाय ४ वर एकाच बाजूला आहेत, म्हणून बोर्ड उलटा लावायचा आणि प्रोसेसर ते प्लेट हे अंतर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याने भरायचं, दोन्ही तोंडांना पातळ थर्मल पॅड. प्लेटवर बोर्डाच्या पिनांखाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी टेप) लावायला विसरू नका. कम्प्यूट मॉड्यूल ४ (त्याच कॉम्प्युटरचा सॉकेटांशिवायचा चपटा बोर्ड) वापरलं तर हा उंचीचा त्रास नाही, पण मग सॉकेटं असलेला कॅरिअर बोर्ड स्वतः निवडावा लागतो.

तरीही चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. वर सांगितलेल्या मापाची प्लेट नुसत्या हवेत ठेवली तर सहा-साडेसहा वॉटला ती हवेपेक्षा साधारण ३० अंश जास्त तापते. बाहेर ४२ असेल तर प्लेट ७० पार, आणि ती हातात धरवणार नाही. म्हणून मे महिन्यात पूर्ण भार चालवायचाच नाही. प्रोसेसरचा कमाल वेग १००० मेगाहर्ट्झवर आणावा. पंपाचे आकडे वाचायला तेवढा पुष्कळ आहे. प्लेट चकचकीत ठेवू नका, मॅट रंगाचा पातळ थर द्या. उघडं ॲल्युमिनियम फार कमी उष्णता किरणांनी बाहेर टाकतं, आणि वारा नसताना निम्मं काम किरणांचंच असतं. मला स्वतःला लोक पहिल्याच झटक्यात पंखा लावतात ते पटत नाही. मालव्याची काळी धूळ पंख्याला फार दिवस जगू देत नाही, आणि पंख्यासाठी पाडलेली भोकं पुढचं दुखणं आणतात.

प्लेट धातूची असल्यामुळे वायफाय मंदावलं तर अँटेना बघा. तो पाय ४ वर इथरनेटच्या विरुद्ध टोकाला, बोर्डाच्या कोपऱ्यात आहे. त्याच्यासमोर प्लेटला खाच पाडून ती प्लास्टिकच्या तुकड्याने बंद करा. सेल प्लेटच्या दुसऱ्या टोकाला, प्रोसेसरपासून लांब ठेवा. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणून उन्हातून आल्याआल्या चार्जर लावण्याची घाई नको.

आतून धुकं धरणं

हे दुखणं विशेषकरून अशा केसमध्ये येतं जी मालकाने पक्की बंद केलेली असते, आणि म्हणूनच त्याला ते पटत नाही. उन्हात तापून आतली हवा ६० अंशांवर गेली, आणि तेवढ्यात सरीने डबा २५ वर आणला, तर आतला दाब दहा टक्क्यांनी घटतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथल्या हवेच्या दाबाचा दहावा हिस्सा म्हणजे एक मीटर खोल पाण्याचा दाब. आयपी-६७ च्या चाचणीत वस्तू अर्धा तास एक मीटर खोल पाण्यात बुडवतात. म्हणजे एका वळवाच्या सरीत तुमचं गॅस्केट त्या पातळीला ओढलं जातं, तेही पाणी बाहेरून कडेला साचलेलं असताना.

गॅस्केट आणखी आवळून हे थांबत नाही. डब्याला श्वास घेऊ द्यावा लागतो. बाहेरच्या एलईडी दिव्यांवर आणि सोलर इन्व्हर्टरवर एक छोटा काळा व्हेंट प्लग असतो, त्यात हवा सोडणारा पण पाणी अडवणारा पडदा असतो. एम-१२ चा असा एक प्लग केसच्या खालच्या बाजूला, मातीत बुडणार नाही अशा जागी लावा. प्लेट आणि कवच यांच्या मधली फट मिटवायला कारच्या दारांना लावतात ती डी-आकाराची रबर पट्टी घ्या. ती पोकळ असल्याने चौकटीला हलू देते आणि धूळही अडवते. कवचाच्या दोन अर्ध्यांमध्ये मात्र भरीव सिलिकॉनची दोरी चालेल. ती २०-३० टक्के दबेल एवढी खाच ठेवा, आणि दोन बोल्टमधलं अंतर जास्त असेल तर मध्ये एक बोल्ट वाढवा, नाहीतर झाकण मधोमध फुगतं.

कीबोर्डाच्या फटी हे सगळ्यात मोठं भोक. बटणांखाली पातळ सिलिकॉनची चादर असलेला कीबोर्ड घेतला तर प्रश्न मिटतो. वेगवेगळ्या स्विचांचा सुंदर कीबोर्ड शेतात घेऊन जायचा हट्ट असेल, तर त्याच्यासाठी कवचात स्वतंत्र बंद कप्पा करा आणि केबल ग्लँडमधून (केबलभोवती आवळणाऱ्या रबरी बुचातून) आत न्या.

पडल्यावर रीस्टार्ट, आणि ढिलं सॉकेट

स्प्रिंगच्या होल्डरमध्ये सेल असले की धक्क्याच्या क्षणी सेल स्प्रिंगला दाबतो, दुसऱ्या टोकाला सुटतो, आणि काही मिलिसेकंद वीज जाते. बोर्डाला तेवढं पुरतं. रीस्टार्टबरोबर आधीची थ्रॉटलची नोंदही पुसली जाते, म्हणून हा दोष सॉफ्टवेअरचा समजून लोक मेमरी कार्ड बदलत बसतात. निदान सोपं आहे: होल्डर बोटाने आवळून धरा आणि दुसऱ्याला केसवर तळहाताने थाप मारायला सांगा. रीस्टार्ट थांबला तर स्प्रिंग दोषी. निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्ड केलेला, संरक्षक सर्किटसह बांधलेला पॅक वापरा. सेलवर थेट सोल्डर करू नका. पॅक फोममध्ये, पट्ट्यांनी प्लेटला बांधा, म्हणजे त्याचं वजन बोर्डावर येणार नाही.

सॉकेटचं दुखणं याच घरातलं आहे. बोर्डावरचं यूएसबी-सी सॉकेट केसच्या भोकातून डोकावत असेल, तर केबलला बसलेला प्रत्येक झटका सोल्डरवर येतो, आणि चौकट तरंगती केल्यावर तर ते भोक सॉकेटला कातरीसारखं कापायला बघतं. बाहेरचं सॉकेट कवचाला स्क्रूने बसणारं घ्या आणि आत लवचीक केबलने बोर्डाला जोडा. आरएस-४८५ साठीही तेच. तिथे पिळून बसणारा गोल कनेक्टर वापरला तर चिखलातही पकड सुटत नाही.

रंग आणि लोखंड घेऊन चाचणी

नवी केस तयार झाली की इलेक्ट्रॉनिक्स आत घालू नका. आधी तेवढ्याच वजनाचे वॉशर आणि लोखंडी पट्ट्या प्लेटवर बांधा. स्क्रीनच्या जागी बंद पडलेल्या फोनची काच लावा.

धुळीची चाचणी रंगपंचमीनंतर करावी, घरात उरलेला गुलाल असतोच. गेरमध्ये (इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत) जे कपड्यांच्या शिवणीतून आत जातं ते गॅस्केटमधूनही जातं. जाड पिशवीत मूठभर गुलाल आणि बंद केस घालून पिशवी पाच मिनिटं हलवा, बाहेरून पुसा, उघडा. आत जिथे रंगाची रेघ उमटते तिथे पट्टी नीट बसलेली नाही. पाण्यासाठी आत कोरडा टिश्यू पेपर पसरून केसवर बागेच्या फवाऱ्याने पाणी मारा, आणि खरी परीक्षा हवी असेल तर आधी केस उन्हात तासभर तापवून मग फवारा.

पाडण्याच्या चाचणीबद्दल एक गंमत सांगतो. 'लष्करी दर्जाचं' असं खोक्यावर छापलेल्या यंत्रांमागे अमेरिकेचं एमआयएल-एसटीडी-८१० हे मानक असतं. त्यातल्या एका चाचणीत वस्तू १२२ सें.मी. वरून २६ वेळा पाडतात: आठ कोपरे, बारा कडा, सहा बाजू. मात्र ती २६ पडणी पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा मानकातच आहे, आणि पाडतात ते बऱ्याचदा काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवर. म्हणजे खोक्यावरचा शब्द वाचून हुरळायचं कारण नाही, आणि आपल्या घरगुती केसने लाजायचंही नाही.

घरी आठ कोपरे पुरे. गुडघ्याच्या उंचीपासून सुरू करून कंबरेपर्यंत या, खाली फरशी. दर वेळी उचलून झटकून ऐका, टक् आवाज आला की थांबा आणि ग्रोमेट बघा. जो कोपरा आधी फुटायचा तो सगळ्यात शेवटी पाडा. त्यानंतर केस उघडून बॉसच्या बुडाशी टॉर्च तिरका धरा. पांढरट रेघ दिसली तर प्लास्टिक ताणलं गेलंय, भेग अजून पडली नाही एवढंच. तिथे दोन मि.मी. चा गोलसर फिलेट (बुडाशी दिलेला गोलावा) वाढवून तेवढाच भाग पुन्हा प्रिंट करा.

ग्रोमेट उन्हाळा संपताना काढून बघत जा. बोटाने दाबल्यावर परत न फुगणारं रबर पावसाळ्याआधी बदलावं.